दिलं, उरलं

सोळा दिवस त्यानं तोंड उघडलं ते फक्त श्वासाला.
शाकिर म्हणाला होता पिशवी हातात देताना,
"भिया, नाजूक आयटम है, टैम दो."
टैम दिला. शिवाय
नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागद, जपानी पुड्यातला,
बर्फाच्या वड्यांत गोठलेली बारीक कोळंबी,
वाफवलेला पालक, सोललेला मटार,
आणि सगळ्यावर लसणाचा रस,
कारण कुणीतरी सांगितलं, लसणाच्या वासानं
टँगची भूक चाळवते.
उल्का म्हणाली, माणसांच्या आमटीत
एवढा लसूण पडत नाही या घरात.

सियागंजात माझं काटेदुरुस्तीचं दुकान.
सराफांचे काटे मिलिग्रॅमपर्यंत जुळवून देतो,
तर हेही मोजायला घेतलं.
सकाळी कागद तोलून चिमट्यात लावायचा,
रात्री काढून, वाळवून, परत तोलायचा.
वहीत दोन रकाने: दिलं. उरलं.
दोन्हींत रोज एकच आकडा.
एकदा तर उरलं जास्त भरलं:
कागदानं मीठ धरलं होतं.

मीठही माझंच.
घाट चढून इंदूरला येणारं नर्मदेचं पाणी
आधी मशीनमधून गाळून अगदी कोरं करायचं,
मग निळ्या बादलीत समुद्र ढवळायचा,
एक पूर्णांक शून्य पंचवीस येईपर्यंत.
सासरे सोफ्यावरून बघत म्हणायचे,
"चांगलं प्यायचं पाणी नासवताय जावईबापू."

आणि तो पंपाच्या मागे.
निळा, शाळेच्या शर्टाला नीळ जास्त पडावी तसा,
तोंडाला काळं, पाठीवर पिवळी किनार,
शेपटीपाशी एक मिटलेलं पातं,
म्हणून त्याला सर्जन म्हणतात.
पोट खपाटीला गेलेलं.
जोकर मासे दोघे काहीही खायचे,
चिमट्याचं रबरसुद्धा.
हा त्यांच्याकडे बघायचा
जसं लग्नातल्या पंगतीकडे बघतो
दातदुखीचा माणूस.

त्याला नाव नव्हतं. ऋजुता रोज विचारायची.
खाल्लं की ठेवू, असं ठरलं होतं.
उल्कानंच ठरवलं. का, ते कुणी विचारलं नाही.

सतराव्या दिवशी मला डेंग्यू झाला.
नऊ दिवस छतावरचा पंखा मोजला.
उल्का चिमट्यात कागद लावायची, न तोलता,
बाकी टाकीला कुणी हात लावला नाही.
दर रविवारी मी चुंबकाच्या ब्रशनं
चारी काचा घासतो. लख्ख.
स्वच्छतेत पहिला नंबर आणणारं शहर,
त्यात आमची टाकी, म्हणजे बघा.
ते दोन रविवार हुकले.

उठून भिंत धरत आलो तेव्हा
मागची काच हिरवी झालेली,
पातळ, मखमलीसारखी.
आणि त्या हिरव्यात ठिपके,
टिकलीएवढे, स्वच्छ, ओळीनं,
जसं कुणी ओठ टेकत टेकत गेलंय.
आधी ठिपके दिसले, मासा नंतर.
टक्. थांबला. सरकला. टक्.
पंपाच्या मागे तो लपला नव्हताच बहुतेक,
तिथं ब्रश पोचत नाही.

बसलो तिथंच, स्टुलावर.
दर रविवारी मी त्याचं ताट घासत होतो,
आणि सोमवारी लसूण सोलत होतो.
वही उघडली. दिलं: काय लिहायचं?
उरलं: अर्धी काच.
रकाना मिलिग्रॅमचा, काच कशात मोजणार.

संध्याकाळी साडू भेटायला आले,
टाकीत डोकावून म्हणाले,
"आजारपणात घाण झाली रे पार. मी देऊ घासून?"
ब्रश मी उशीखाली सरकवला.

ऋजुता नाव विचारायला आली.
म्हटलं, थांब, कागद अजून तसाच आहे,
खातोय म्हणायला जरा वेळ जाऊ दे.
तिनं स्टुलाखाली बोट दाखवलं:
"बाबा, मुगाचं पाणी
तुम्हीपण तसंच ठेवलंय."

वाटी उचलली.
साय धरली होती तिच्यावर.
बोटानं बाजूला केली.